मुखत्यारपत्र कोठवर पुरतें?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस वाटेल कीं, हा प्रश्न बड्या मालमत्तेच्या धन्यांचा आहे. ज्याच्या नांवावर दीड एकर भातखाचर, थोडें वरकस आणि एक कौलारू घर एवढेंच आहे, त्यानें तो ऐकून काय करावें? माझा अनुभव नेमका उलट आहे. माझी सारी वकिली कर्जत आणि खालापूर येथल्या दिवाणी न्यायालयांत गेली. हे दोन तालुके आज निराळे असले, तरी पूर्वीं खालापूर हा कर्जत तालुक्याचाच पेटा होता, आणि दोहोंकडच्या माणसांच्या अडचणीहि एकाच वळणाच्या आहेत. ह्या मुलखांत फार मोठे जमीनदार नाहींत. परंतु ‘मुखत्यारपत्र’ हा शब्द येथल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या ओटीवर पोंचलेला आहे, आणि बहुतेक ठिकाणीं तो भीतीला सोबत घेऊनच पोंचलेला आहे.

ह्या भीतीला कारण आहे. मुंबई आणि पुणें यांच्या मधोमध असलेल्या ह्या जमिनीला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एकाएकीं भाव आला. द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यांतून गेला आणि २००२ सालापासून तो पुरता वाहता झाला. उल्हास आणि पेज नद्यांच्या काठीं शहरी मंडळींचीं शेतघरें उठलीं. जमीन घेऊं पाहणाऱ्यांच्या पुढें पुढें दलाल चालत आला. तो शेतकऱ्याच्या हातावर थोडा इसार ठेवी, साठेखत करून घेई, आणि त्याच्याच जोडीला एक कुलमुखत्यारपत्र सहीला पुढें करी. शेतकऱ्याला वाटे, ही केवळ कचेरींतली खटपट आपल्या वतीनें करण्याची परवानगी आहे. पुढें त्या कागदाच्या बळावर जमीन दोनदां-तीनदां हात बदलून जाई, आणि मूळ खातेदाराला तें सातबाऱ्यावरचा फेरफार पाहून कळे. आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या परवानगीवांचून बिगर-आदिवासीस देतां येत नाहीं, असें जमीन महसूल संहितेचें कलम ३६अ सांगतें. तरी ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांतूनहि असे कागद फिरत असल्याचें मीं ऐकलें आहे. अखेर ११ ऑक्टोबर २०११ रोजीं सूरज लॅम्प ह्या कंपनीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, साठेखत आणि मुखत्यारपत्र यांनीं स्थावर मालमत्तेची मालकी बदलत नाहीं. ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानेंच बदलते. निकाल उत्तम लागला. परंतु तोंवर ह्या शब्दाला जो वास लागायचा तो लागून गेला होता.

वास्तविक शब्द वाईट नाहीं. तो अरबींतून फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला. निवडलेला, ज्याला निवड करण्याची मोकळीक दिली आहे तो मुखत्यार. ‘अखत्यार’ हा आपला रोजचा शब्दहि त्याच कुळांतला. म्हणजे ज्यानें नेमावयाचें त्यानें मनापासून निवडलेला माणूस, ही त्यांतली मूळ कल्पना. दलालाच्या हातांत ती अगदीं उलटी झाली. तेथें निवड मालकानें केलीच नव्हती.

पण आज मला दलालांविषयीं बोलावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें घरांतल्या घरांत, आपल्याच मुलाला किंवा मुलीला, प्रेमानें आणि विचारपूर्वक दिलेल्या मुखत्यारपत्राविषयीं. असा कागद करून ठेवला म्हणजे म्हातारपणाची सोय झाली, अशी समजूत मला सर्वत्र आढळते. ती समजूत एके काळीं मींहि खोडून काढली नाहीं, आणि त्याची किंमत एका कुटुंबाला द्यावी लागली.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. पेज नदीच्या काठच्या एका गांवांतील वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. वय सत्तरीच्या पुढें, बुद्धि तल्लख, पाय मात्र थकलेले. बरोबर थोरला मुलगा होता. आबा मला म्हणाले, “वकीलसाहेब, माझें आतां कर्जतला येणें-जाणें होत नाहीं. उद्यां मी अंथरुणाला खिळलों, तर पोराला कुणाच्या दारांत उभें राहावें लागूं नये, असा एक कागद करून द्या.” मीं कागद केला. मुद्रांक, दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकांपुढें नोंदणी, सारें यथासांग झालें. शेत कसणें, बँकेंत व्यवहार करणें, वेळ पडल्यास जमीन विकणें, असे सर्व अधिकार त्यांनीं मुलाला दिले. जातांना कागदाची घडी पिशवींत ठेवीत ते म्हणाले, “आतां निवांत मरायला मोकळा झालों.” मीं हंसून त्यांना निरोप दिला.

तीन वर्षांनीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. प्राण वांचला, परंतु वाचा गेली आणि समजहि गेली. मुलगा पुढ्यांत उभा राहिला कीं त्यांच्या डोळ्यांत ओळख दिसते कीं नाहीं, ह्याविषयीं घरच्यांतच मतभेद असत. इस्पितळाचा खर्च दिवसाचे दिवस वाढूं लागला. तेव्हां मुलानें रस्त्यालगतचा एक तुकडा विकावयाचें ठरविलें. गिऱ्हाईक भला माणूस होता, भावहि ठीक होता. गिऱ्हाइकाच्या वकिलानें एकच प्रश्न विचारला: “मालक आज शुद्धीवर आहेत काय?” आणि त्या प्रश्नासरशीं व्यवहार मोडला.

मुलगा माझ्याकडे आला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. तो एवढेंच म्हणाला, “साहेब, आबांनीं ज्या दिवसासाठीं हा कागद केला तो दिवस आला. आणि आतां लोक सांगतात, तो दिवस आला म्हणूनच कागद मेला. मग तो केला कशाला?”

त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण लोक त्याला सांगत होते तें खरेंच होतें. आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या २०१ व्या कलमांत मुखत्याराचा अधिकार केव्हां संपतो हें सांगितलें आहे. नेमणारा किंवा नेमलेला मरण पावला तर तो संपतो, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याच वाक्यांत दुसरी एक गोष्ट आहे: दोघांपैकीं कोणाचेंहि मन ठिकाणावर राहिलें नाहीं, तरी अधिकार संपतो. ह्यामागचा विचार असा कीं, मुखत्यार म्हणजे मालकाचा लांब केलेला हात. डोक्याला जें करतां येत नाहीं तें हातानें कसें करावें? मालकाला स्वतःला करार करण्याची शक्ति उरली नाहीं, तर त्याच्या वतीनें दुसऱ्याला तरी ती कोठून उरणार? तर्क बिनतोड आहे. माणसाला मात्र हातावर विसंबावें लागतें तें डोकें चालेनासें झाल्यावरच.

ह्या नियमाला एक अपवाद २०२ व्या कलमांत आहे, आणि तो ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. ज्या मालमत्तेविषयीं मुखत्यारपत्र केलें तींत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, म्हणजे उदाहरणार्थ त्यानें पैसे दिलेले असतील आणि त्याच मालमत्तेंतून तें येणें वसूल करावयाचें असेल, तर मालकाची शुद्धि गेली तरी त्याचा अधिकार जात नाहीं. मुलाचें बापावर प्रेम असणें हा असा हितसंबंध नव्हे. थोडक्यांत, पैसे मोजलेल्या परक्याचें मुखत्यारपत्र टिकूं शकतें. सेवा करणाऱ्या मुलाचें टिकत नाहीं. कायद्यानें हें मुद्दाम केलें असें मी म्हणत नाहीं. परंतु माझ्या तालुक्यांतला अनुभव डोळ्यांपुढें असतां मला हें कलम वाचतांना सुख होत नाहीं. मुलाच्या पदरीं कायदा एकच गोष्ट टाकतो: २०९ व्या कलमाप्रमाणें, अधिकार संपल्यावरहि हातीं सोंपविलेल्या वस्तूंचें जतन करण्यासाठीं वाजवी ती तजवीज त्यानें केली पाहिजे. गोठा शाकारावा, उभें पीक कापून घ्यावें, असलीं कामें त्यांत बसतील. जमीन विकणें त्यांत बसत नाहीं.

हा नियम आपण इंग्रजांच्या कायद्यांतून घेतला. मौज अशी कीं, त्यांनीं तो आपल्या घरीं बदलला. १९८५ सालीं इंग्लंडांत असा कायदा झाला कीं, ठराविक नमुन्यांत केलेलें मुखत्यारपत्र मालकाची समज गेल्यावरहि चालूं राहावें. २००५ च्या कायद्यानें त्याची जागा अधिक व्यापक मुखत्यारपत्रानें घेतली, आणि २००७ पासून तें अंमलांत आहे. त्याला तिकडे ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’ म्हणतात. आपण टिकाऊ मुखत्यारपत्र म्हणूं. तें दोन प्रकारचें असतें: एक पैशाअडक्यासाठीं आणि मालमत्तेसाठीं, दुसरें औषधोपचार आणि देखभाल यांसाठीं. करणाऱ्याला त्याचा अर्थ समजला आहे आणि त्याच्यावर कोणाचा दाब नाहीं, असा दाखला तिऱ्हाइतानें द्यावा लागतो, आणि सरकारी कचेरींत नोंदणी झाल्यावांचून त्याचा उपयोग करतां येत नाहीं. जपाननेंहि २००० सालापासून अशा स्वरूपाची व्यवस्था केली आहे. आपल्याकडे तें १८७२ चें वाक्य जसेंच्या तसें उभें आहे. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें परदेशांत असतात. तीं तिकडचें पाहून “आईबाबांसाठीं तसाच कागद करून टाकूं” असें म्हणतात. तसाच कागद करतां येईल, शब्दहि तेच घालतां येतील. परंतु ‘माझी शुद्धि गेली तरी हा अधिकार चालूं राहील’ असें वाक्य नुसतें लिहिल्यानें आपल्याकडे तें कायद्याला बांधून ठेवीत नाहीं.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर बोलूं लागतें, त्याच्या आधीं एक दिवसहि नाहीं. बँकेंत किंवा सोसायटींत केलेलें नामनिर्देशनहि मेल्यावरच कामीं येतें. मुखत्यारपत्र माणूस जिवंत आणि शुद्धीवर असेपर्यंत बोलतें. ह्या दोहोंच्या मध्यें एक काळ येतो, कधीं चार दिवसांचा, कधीं दहा वर्षांचा. त्यांत माणूस जिवंत असतो, परंतु स्वतःचें स्वतः ठरवूं शकत नाहीं. त्या काळासाठीं आपल्या ट्रंकेंतला कोणताच कागद बोलत नाहीं. आबांच्या ट्रंकेंत तिन्ही कागद होते.

मग अशा वेळीं जावें कोठें? पूर्वीं १९१२ चा वेड्यांविषयींचा कायदा होता, पुढें १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आला. ह्या दोहोंत जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठीं व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीनें फार चांगला आहे. परंतु मालमत्तेचा व्यवस्थापक नेमण्याचें तें प्रकरण त्यांतून गळलें. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीं २०१६ च्या कायद्यांत मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता यांसाठीं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं जिल्ह्यांतील समितीहि पालक नेमते. परंतु अर्धांगवायूनें किंवा अपघातानें बेशुद्ध होऊन पडलेल्या माणसाच्या घरच्यांना बहुधा उच्च न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. २०१९ सालीं केरळच्या उच्च न्यायालयानें अशा प्रसंगासाठीं नियम घालून दिले: वैद्यकीय मंडळानें रोग्यास तपासावें, तहसीलदाराच्या दर्जाहून कमी नाहीं अशा अधिकाऱ्यानें घरीं जाऊन चौकशी करावी, आणि मग पालक नेमावा. २०२० च्या ऑगस्टांत मुंबई उच्च न्यायालयानेंहि त्याच धोरणानें एका पत्नीला तिच्या बेशुद्धावस्थेंतील पतीची पालक नेमलें. पत्नीला पतीची पालक म्हणून न्यायालयाकडून नेमून घ्यावें लागतें, हें ऐकून आपल्याकडील कोणतीहि बाई थक्क होईल. पण पतिपत्नीचें नातें हें मुखत्यारपत्र नव्हे, आणि कायद्यापुढें तिची सही त्याची सही होत नाहीं.

आबांच्या मुलानेंहि शेवटीं उच्च न्यायालयाचीच वाट धरली. आदेश मिळाला, त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु तोंवर बैलजोडी गेली होती, सुनेच्या अंगावरचें सोनें गेलें होतें, आणि धाकट्या भावाशीं बोलणें बंद पडलें होतें. कारण धाकट्याला वाटे, थोरला कांहीं तरी लपवीत आहे. जो कागद भावांमधला संशय टाळण्यासाठीं केला, त्याच्याच अपुरेपणानें तो संशय जन्मास घातला. मीं त्या दिवशीं आबांना दहा मिनिटें अधिक बसवून घेतलें असतें आणि हें सांगितलें असतें, तर त्यांच्या हयातींत दुसरी कांहीं व्यवस्था सहज करतां आली असती.

ती कोणती, तें आतां सांगतों. तिच्यानें सगळें भागतें असें नाहीं.

प्रथम बँकेचें पाहूं. पैशाची निकड सर्वांत आधीं लागते, आणि तिचा उपायहि सर्वांत सोपा आहे. पतिपत्नीचें किंवा विश्वासाच्या मुलाबरोबरचें संयुक्त खातें, दोघांपैकीं कोणाच्याहि सहीनें चालेल असें करून ठेवावें. जन्मभर एकट्याच्या नांवावर खातें ठेवून पत्नीला त्याचा पत्ता लागूं न देणारे गृहस्थ मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचें गुपित शेवटीं त्यांच्याच औषधाच्या आड येतें. माणूस शुद्धीवर आहे पण सही करतां येत नाहीं, अशा वेळीं अंगठा चालतो; हाताचा उठत नसेल तर पायाचा अंगठाहि दोन साक्षीदारांसमोर बँकेनें घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत.

येथेंच मुखत्यारपत्राचा खरा उपयोग दिसतो, आणि तो टाकून देऊं नये. खुब्याचें हाड मोडलें, डोळ्यांना दिसेनासें झालें, गाडींत बसवेना, पण बुद्धि शाबूत आहे. अशा काळापुरतें मुखत्यारपत्र पुरेपूर कामाचें आहे. आपल्याकडील बहुतेक म्हाताऱ्यांचा बराच काळ ह्याच अवस्थेंत जातो. कागद नोंदवून घ्यावा. अंथरुणावरच्या माणसासाठीं दुय्यम निबंधकांस घरीं येण्याची विनंति करतां येते, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. जवळच्या नातलगाला मोबदल्यावांचून दिलेल्या मुखत्यारपत्राला मुद्रांक थोडा लागतो. परक्याला विक्रीचा अधिकार दिलात, तर खरेदीखतासारखें शुल्क पडतें. त्यांतूनच शासनाचा इशारा ओळखावा. आणि ‘कुल’ ह्या दोन अक्षरांना भुलूं नये. वीजबिल, बँक, इस्पितळ, पीककर्ज, एवढ्यांचीच नांवें घालून खास मुखत्यारपत्र करतां येतें. विक्रीचा अधिकार त्यांत असलाच पाहिजे असें नाहीं.

जमिनीचें काम अवघड आहे. कांहीं जण स्वतः शुद्धीवर असतांनाच वाटणी करून मोकळे होतात. सहधारकांच्या संमतीनें ती तहसीलदारांकडून करून घेतां येते. कांहीं जण सरळ बक्षीसपत्र करून देतात, आणि त्यांतले कांहीं पुढें स्वतःच्या घरांत पाहुण्यासारखे राहतात. बक्षीसपत्र करावयाचेंच असेल तर त्यांत सांभाळाची अट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यांतील २३ व्या कलमाप्रमाणें ती अट मोडली गेल्यास न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द ठरवून घेतां येतें. ज्यांची मालमत्ता घर किंवा रोकड ह्या स्वरूपाची आहे, त्यांना १८८२ च्या कायद्याप्रमाणें खासगी विश्वस्तनिधि करतां येईल. विश्वस्ताच्या हातीं मालकीच गेलेली असल्यामुळें करणाऱ्याची समज गेली तरी त्याचें काम थांबत नाहीं. शेतजमिनीला मात्र कुळकायद्याच्या मर्यादा आहेत. तेथें वकिलाला विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल त्यांच्यासाठीं तालुक्याच्या न्यायालयांत विधि सेवा समिति असते, आणि स्त्रियांना व अनुसूचित जातिजमातींना उत्पन्नाची अट न घालतां तिची मदत मिळते.

औषधोपचारांच्या बाबतींत कायदा पैशाच्या बाबतींतल्यापेक्षां पुढें गेला आहे, आणि ती वाट महाराष्ट्रांतील एका दुर्दैवी स्त्रीच्या अंथरुणापासून सुरू होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथेंच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षें, त्या त्याच रुग्णालयांत पडून होत्या. त्यांचें जीवन थांबूं द्यावें अशी याचना पत्रकार पिंकी विराणी यांनीं केली. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली आणि सांगितलें कीं, अरुणाबाईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार, इतकीं वर्षें त्यांना न्हाऊ-माखूं घालणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचा व डॉक्टरांचा आहे. ह्या निकालाविषयीं मतें कांहींहि असोत. जो रोज उशाशीं बसतो तोच आपला, ही गोष्ट मला त्यांत मोलाची वाटते.

पुढें ९ मार्च २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें मान्य केलें कीं, बरें होण्याची आशा उरली नाहीं तर कोणते उपाय थांबवावे, हें माणसाला शुद्धीवर असतांना लिहून ठेवतां येतें. प्रारंभीं त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, आणि त्या अटीपायीं कोणी तिकडे फिरकत नसे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानें ती अट सैल झाली. आतां दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तें इच्छापत्र साक्षांकित करून घेतलें कीं पुरे. त्यांत आपल्या वतीनें संमति देणाऱ्या माणसांचीं नांवें घालावयाचीं असतात. घरच्यांनीं मनांत आणलें म्हणून लगेच नळ्या काढतां येत नाहींत. डॉक्टरांच्या दोन मंडळांनीं रोग्याची स्थिति पाहून मत द्यावें लागतें. अशा कागदाची प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवण्याची सोय आहे, आणि महाराष्ट्रांत असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनीं उच्च न्यायालयांत धाव घेतल्यावर तें काम पुढें सरकलें. मानसिक आजारापुरतें पाहिलें, तर २०१७ च्या कायद्याप्रमाणें आपल्यावर उपचार कसे व्हावे हें आधीं लिहून ठेवतां येतें आणि आपला प्रतिनिधि नेमतां येतो. म्हणजे आजचा कायदा माझ्या मुलीला माझ्या औषधोपचारांविषयीं बोलूं देतो. त्या उपचारांचे पैसे माझ्या खात्यांतून काढूं देत नाहीं.

हें सारें करूनहि मुख्य प्रश्न उरतोच: निवडावें कोणाला? थोरले माधवराव पेशवे थेऊरच्या मुक्कामीं १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं वारले. त्यापूर्वीं त्यांनीं नऊ कलमांची याद करून ठेविली होती, आणि राज्यावरचें कर्ज फेडण्याची चिंताहि तींत होती. आपल्यामागें काय व्हावें याचा इतका काटेकोर विचार फार थोड्यांनीं केला असेल. तरीहि वर्ष लोटण्यापूर्वींच, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, नारायणराव शनिवारवाड्यांत मारले गेले. कलमें चांगलीं होतीं. घर दुभंगलेलें होतें.

म्हणून खालापूर तालुक्यांत चौकाकडल्या एका गांवच्या विधवा बाईंची व्यवस्था मला फार आवडली. त्यांचे दीर एका कुलमुखत्यारपत्रापायीं दोन एकरांना मुकलेले होते. तेव्हां कागद म्हटला कीं त्या हात मागें घेत. मीं आबांची हकीकत सांगितली तेव्हां त्या पुष्कळ वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “भाऊ, माझें डोकें चालत नाहीं हें ठरवणार कोण? उद्यां मी पोराला ‘नाहीं’ म्हटलें, कीं तो म्हणेल म्हातारी भ्रमली.” तीस वर्षांच्या वकिलींत मला याहून नेमका प्रश्न कोणीं विचारला नव्हता. ज्या देशांनीं टिकाऊ मुखत्यारपत्राचा कायदा केला त्यांनाहि ह्याच प्रश्नाशीं झगडावें लागलें आहे, आणि आपल्याकडे २०१ वें कलम केव्हां तरी बदललें जावें असें मला कितीहि वाटत असलें, तरी ह्या बाईंच्या शंकेला उत्तर दिल्यावांचून तें बदलूं नये.

त्यांनीं स्वतःपुरतें उत्तर असें शोधलें. जमिनीची वाटणी करून दिली, परंतु घर आणि विहिरीजवळचें खाचर स्वतःच्या नांवावर ठेवलें. बँकेचें खातें मुलीबरोबर संयुक्त केलें. मुखत्यारपत्र मुलगा आणि मुलगी दोघांना मिळून दिलें, एकट्याच्या सहीनें कांहीं होणार नाहीं अशा अटीवर, आणि विक्रीचा अधिकार त्यांत ठेवला नाहीं. जोडीला साध्या मराठींत दोन पानें लिहून घेतलीं: आपल्याला कोठें ठेवावें, कोणत्या डॉक्टरचा शब्द मानावा, पैसे अपुरे पडले तर आधीं काय मोडावें, आणि कधीं न्यायालयांत पालक नेमण्याची वेळ आली तर कोणाला नेमावें. ह्या दोन पानांना मुखत्यारपत्राचें बळ नाहीं, हें मीं त्यांना स्पष्ट सांगितलें. त्या म्हणाल्या, “असूं दे. जज्जसाहेबांना वाचायला तरी कांहीं मिळेल.”

दर दिवाळीला दोन्ही मुलें घरीं येतात, तेव्हां तीं पानें नातवाकडून मोठ्यानें वाचवून घेण्याचा त्यांचा परिपाठ आहे. गेल्या दिवाळीनंतर त्यांनीं जुनें मुखत्यारपत्र रद्द करून नवें केलें आणि मुलाच्या जागीं सुनेचें नांव घातलें. सूचना मुलानेंच केली होती. तो आतां नोकरीनिमित्त बाहेरगांवीं असतो, आणि रोज घरीं असते ती सून.